वयाच्या मानाने

"लाईट चालू राहिला असणार बघा, आंटी."

कंपनीच्या मदत-व्हॅनमधून उतरलेला माणूस अजून फाटकातच होता. खांद्यावर तांबड्या-काळ्या वायरींचं वेटोळं होतं, गाडीला त्याने बोटही लावलं नव्हतं, आणि निदान होऊन गेलं होतं.

लतिकाबाई पायरीवर उभ्या होत्या. खांद्याला पर्स, हातात आक्कासाठी केलेल्या मऊ सांज्याचा डबा, पायांत बाहेर जायच्या चपला. गुरुवार होता, सदलग्याला जायचा वार. सकाळी त्यांनी देव्हाऱ्यातून किल्ली उचलली, बाहेर आल्या, आणि गाडी पुन्हा मेलेली. मेलेली म्हणजे कशी, तर बटण दाबलं तरी दार उघडत नाही, आत दिवा नाही, हूं नाही की चूं नाही. नवी कोरी हायब्रीड गाडी. बॉनेटवरचं कुंकवाचं स्वस्तिक अजून पुरतं पुसलं गेलं नव्हतं.

"लाईट मी बंद केलता," त्या म्हणाल्या.

"केलाच असणार हो. पर राहतंय कधी कधी. आमच्या आईचं बी असंच हाय."

"तुमच्या आईकडं गाडी हाय?"

"न्हाय. तिचा ग्यास राहतोय चालू."

खिडकीतला पेपर खाली झाला आणि मागून मार्तंडराव दिसले. निपाणीच्या कोर्टात वकिलीत हयात घालवलेले गृहस्थ. बायकोच्या आणि जगाच्या बोलण्याला ते नेहमी एक कान मोकळा ठेवून बसत.

"काय म्हणतोय गं?"

"लाईट म्हणतोय."

"मग मी काय म्हणत होतो?" असं म्हणून त्यांनी पेपर वर केला. केस संपली.

माणसाने वायरी लावल्या. गाडी डोळे चोळत उठावी तशी उठली. जाताना तो मोठ्या मायेने म्हणाला, "बंद करताना जरा ध्यान द्या, आंटी. न्हायतर एक चिठ्ठी चिकटवा समोर. दिवा बंद कर, म्हणून." उद्धटपणाला उत्तर देता येतं. या मायेला काय द्यायचं? लतिकाबाईंनी त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला, हीच काय ती त्या सकाळची जमेची बाजू.

हा माणूस यायलासुद्धा अर्धी सकाळ गेली होती. लतिकाबाईंच्या गल्लीत मोबाईलला कधी कर्नाटकाचा टॉवर मिळतो, कधी महाराष्ट्राचा. मदत केंद्रातली मुलगी म्हणाली, लोकेशन महाराष्ट्राचं दाखवतंय, कोल्हापूरला फोन करा. कोल्हापूरवाले म्हणाले, गाडीचा नंबर कर्नाटकाचा, बेळगावला करा. एरवी ज्या गावावर दोन राज्यं हक्क सांगतात, तिथे गाडी बंद पडली की दोघंही मोठ्या मनाने ते गाव सोडून द्यायला तयार असतात.

आता या गाडीचं थोडं सांगितलं पाहिजे. तिच्यात बॅटऱ्या दोन. मोठी बॅटरी चाकं फिरवते. लहान बॅटरी मोठीला उठवते. साहेब कितीही दांडगा असला तरी शिपायाने कुलूप काढल्याशिवाय ऑफिस उघडत नाही, तसंच हे. इथे शिपाई वरचेवर बेशुद्ध पडत होता, आणि सगळं जग साहेबाच्या गाडीत बसणाऱ्या बाईकडे बघत होतं.

आणि लतिकाबाईंच्या विसरण्याविषयी बोलायचं तर आधी त्यांच्या लक्षात राहण्याविषयी बोललं पाहिजे. निपाणीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या बोर्डावर बसत, तेव्हा तंबाखूचे व्यापारी नंबर सांगत नसत. "लतिकाताई, गुंटूर लावा," एवढंच. कुणाचं गुंटूर, गुंटुरातला कोण, घरी असेल की वखारीत, हे ताईंनी जाणायचं. ताई जाणत. पुढे बोर्ड गेला, यंत्र आलं, आणि त्यांना तक्रारींच्या खिडकीत बसवलं. तिथे त्यांनी स्वतः काही न बिघडवता उरलेली नोकरीभर बोलणी खाल्ली. त्या अर्थाने या गाडीसाठी त्यांची तयारी आधीच झालेली होती.

निवृत्त झाल्यावर त्या गाडी चालवायला शिकल्या. मार्तंडरावांना गाडी येत नाही. त्यांना गाडीबद्दल मत येतं. शिकण्याचं कारण एकच, आक्का. आई गेल्यावर धाकट्या लतीची वेणीफणी करणारी, तिला परकर शिवून देणारी ही थोरली बहीण, मालुबाई, सदलग्याला दिलेली. चारेक वर्षांपूर्वी आक्काचं एकेक सुटायला लागलं. आधी घरातले दिवे चालू राहायचे. मग नळ. मग ती आपलीच गल्ली चुकली. मग माणसांची नावं गेली, आणि सगळ्यांत शेवटी लती गेली. आता आक्का दिवसभर घरात येरझाऱ्या घालते, भांडी आपटते, सुनेला 'तू कोण गं?' म्हणून ओरडते. फक्त गाडीत बसवलं की शांत होते. दूधगंगेच्या पुलापर्यंत जायचं, परत यायचं. त्या दिवशी ती जेवते आणि झोपते. सून पूर्णिमा म्हणते, "मावशी, तुमचा गुरुवार म्हणजे आमचा रविवार."

तेव्हा कुणी 'लाईट चालू राहिला असेल' म्हणालं की लतिकाबाईंना बॅटरी ऐकू येत नसे. त्यांना आक्काचं पहिलं वर्ष ऐकू येई.

त्या गुरुवारी त्या सदलग्याला पोचल्या तेव्हा उन्हं चढली होती. आक्का सकाळपासून पायरीवर वाट बघून बघून, कुणाची ते न कळून, चिडून आत गेली होती. गाडीत बसायला तयार होईना. सांज्याचा डबा तिने भिंतीवर मारला. पूर्णिमा फरशी पुसत होती, काही बोलली नाही, आणि लतिकाबाईंना वाटलं, बोलली असती तर बरं झालं असतं.

बेळगावच्या वर्कशॉपमध्ये सौरव नावाचा सल्लागार होता. तिथल्याच अनगोळचा, पोरगेला, गळ्यात टाय, बोलण्यात कानडी वळणाचा 'री'. तो कधीही आवाज चढवत नसे, त्यामुळे त्याच्याशी भांडणाऱ्याचाच आवाज चढलेला दिसे.

"सिस्टीम ओके दाखवतंय री मॅडम," हे त्याचं पहिलं वाक्य. शेवटचंही तेच. मधल्या काळात त्याने लहान बॅटरी बदलून नवी घातली. नवीही मेली. मग गाडी आठवडाभर ठेवून घेतली, रोज सकाळी उठून बघितली. ठणठणीत.

"म्हणजे तुमच्याकडं ती बरी असते," लतिकाबाई म्हणाल्या.

"एकदम बरी."

"आक्काला ताप आलता तेव्हा मी सदलग्यात आठ दिवस होते. गाडी अंगणात उभी. तिथं पण बरी."

"हां." सौरवने मान हलवली. "म्हणजे प्रॉब्लेम तुमच्या घरातच येतोय री."

"तेच मी म्हणते."

"घरात गाडी कोण कोण वापरतं?"

"मी."

सौरवने टाय सरळ केला. न्यायालयात आरोपीकडे बोट दाखवायची एक पद्धत असते, वर्कशॉपात टाय सरळ करतात.

त्यानंतर लतिकाबाई दर वेळी गाडी बंद केल्यावर तिचा फोटो काढू लागल्या. आतले दिवे बंद, बाहेरचे दिवे बंद, सगळी दारं लागलेली. गाडी मेली की त्या फोटो पुढे करत.

मार्तंडराव चष्मा वर करून फोटो बघत. "फोटो काढल्यावर तू परत जाऊन दिवा लावला नाहीस कशावरून?"

"मी कशाला लावू?"

"कशाला ते नंतर बघू. लावला नाहीस, हे यातनं सिद्ध होत नाही."

"अहो, तुमची बायको हाय मी. उलटतपासणी काय घेताय?"

"म्हणून तर सौम्य घेतोय."

एके संध्याकाळी गाडीला कुलूप घालताना त्यांनी स्वतःचाच आवाज ऐकला. "दिवा बंद. दार बंद. काच बंद." त्या दचकल्या. आक्का सुरुवातीला असंच मोठ्याने म्हणायची. घरात येऊन त्या भाजी चिरायला बसल्या आणि मनात जुने नंबर लावून बघू लागल्या. सगळे लागले. तेवढ्यापुरता जीव थाऱ्यावर आला. पण ज्या बाईला आपण शहाण्या आहोत का हे भाजी चिरताना तपासावं लागतं, तिच्या संध्याकाळी कशा जात असतील, याचा विचार ना वर्कशॉपने केला, ना खिडकीतल्या पेपराने.

बंगळूरहून मुलाचा, आशिषचा, फोन आला. गाडी त्यानेच घेऊन दिली होती.

"आई, राग मानू नकोस."

ही सुरुवात झाली की राग यायचं काहीतरी मागून येतंच. त्याने बेळगावच्या एका मेंदूच्या डॉक्टरची शुक्रवारची वेळ घेऊन ठेवली होती. नुसतं दाखवून यायचं. मनात शंका नको. कुणाच्या मनात, हे तो बोलला नाही.

नवरा-बायको एस.टी.ने गेले, कारण मार्तंडरावांना आता गाडीचा भरवसा नव्हता. डॉक्टर दावणगेरेकडचे, तरुण, मृदू. मराठी तुटकं, पण मन लावून बोलत होते. आंबा, खुर्ची, नाणं हे तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. शंभरातून सातसात वजा करायला लावले. घड्याळ काढायला लावलं. लतिकाबाईंनी काटेसुद्धा नेटके काढले.

"आज वार?"

"शुक्रवार."

"आता आपण कुठल्या राज्यात आहोत?"

लतिकाबाई थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"तसं बघायला गेलं," त्या म्हणाल्या, "तर ते कोर्टात हाय."

डॉक्टरांचं पेन अधांतरी राहिलं.

"सुप्रीम कोर्टात," मार्तंडराव खुर्चीत पुढे सरकले. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ते बायकोच्या बाजूने उभे राहत होते. "निकाल यायचा आहे. ती अगदी बरोबर सांगत्ये, डॉक्टर. हे रेकॉर्डवर घ्या."

डॉक्टरांनी घेतलं की नाही कळलं नाही. ते जरा वेळ लिहीत राहिले, मग आंबा, खुर्ची, नाणं परत विचारलं, लतिकाबाईंनी ते सांगितलं आणि वर टेबलावर काय काय ठेवलंय तेही सांगितलं. डॉक्टर हसले.

"वयाच्या मानाने ठीक आहे," ते म्हणाले.

एका वाक्याचे असे तीन तुकडे झालेले क्वचितच पाहायला मिळतात. लतिकाबाईंनी 'ठीक आहे' घेतलं. मार्तंडरावांनी 'मानाने' घेतलं आणि परतीच्या वाटेवर ते दोनदा उच्चारून पाहिलं. संध्याकाळी फोनवर आशिषकडे फक्त 'वय' पोचलं.

"म्हणजे सुरुवात असू शकते," तो म्हणाला.

"असं ते म्हणाले न्हाईत."

"डॉक्टर असं तोंडावर म्हणत नाहीत गं. मी रविवारी सकाळी येतोय, गाडी इकडं घेऊन जातो. तुला सदलग्याला भाड्याची गाडी सांगू."

"आक्का परक्याच्या गाडीत बसत न्हाय रं."

"आई," आशिष शक्य तितक्या हळुवारपणे म्हणाला, "ती तुला तरी कुठं ओळखते?"

लतिकाबाईंनी फोन ठेवून दिला. हजारो माणसांची बोलणी त्यांनी जोडून दिली होती. भांडणं, सोयरिकी, मयताच्या बातम्या. बोलत्या माणसाची लाईन त्यांनी उभ्या आयुष्यात तोडली नव्हती. त्या दिवशी तोडली.

शनिवारी त्या कुणाशी बोलल्या नाहीत. पाहुणा येणार म्हणून, पाहुणाच म्हणायचा आता, पुरणाची डाळ भिजवली. संध्याकाळी अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढायला गेल्या.

इथे त्या घराची रचना सांगायला हवी. मार्तंडरावांच्या आजोबांची तंबाखूची वखार होती. रात्री वखारीच्या, तिजोरीच्या, घराच्या सगळ्या किल्ल्या खंडोबाच्या पायाशी ठेवायच्या, असा त्यांचा दंडक. भक्ती कमी, हिशेब जास्त. देवापाशी हात घालायचं धाडस कुठला गडी करणार? पुढे वखार गेली, गडी गेले, चोरायजोगं फारसं काही उरलं नाही, आणि हिशेबाची भक्ती झाली. आता मार्तंडराव रोज दिवेलागणीला सोवळ्याचा कद नेसून, दिवसभर स्वयंपाकघरातल्या खुंटीला असलेल्या किल्ल्या गोळा करतात आणि मंगसुळीच्या खंडोबाच्या टाकासमोर ठेवून घंटा वाजवतात. देव्हारा पुढच्या खोलीत, भिंतीतल्या कोनाड्यात. गाडी आल्यावर त्याच भिंतीला बाहेरून पत्र्याचा पोर्च काढला. गल्ली अरुंद, म्हणून गाडीचं नाक भिंतीला टेकवून लावायचं, नाहीतर शेपूट बाहेर राहतं आणि दूधवाला शिव्या देतो.

लतिकाबाई दोरीवरून टॉवेल काढत होत्या. गाडी कुलूपबंद होती, दोन्ही बाजूचे आरसे कान पाडल्यासारखे मिटलेले. आत घंटा वाजली.

आणि गाडीने कान टवकारले.

जवळ चिटपाखरू नव्हतं. आरसे घुर्र करत उघडले, दाराच्या मुठींखाली बारीक पिवळे दिवे लागले. मालकीण किल्ली घेऊन जवळ आली की गाडी असंच करते, हे त्यांना माहीत होतं. पण मालकीण दहा पावलांवर टॉवेल धरून उभी होती आणि तिच्या हातात किल्ली नव्हती.

आजवर हे दिसलं नव्हतं, कारण या वेळी त्या स्वयंपाकघरात असत. आणि सकाळी देव्हाऱ्यातून किल्ली घेऊन बाहेर आल्या की आरसे उघडे असणारच, त्यात बघण्यासारखं काय?

"अहो!" त्यांनी खिडकीतून हाक मारली. "किल्ली कुठं हाय?"

"देवापाशी. आरती चालू आहे."

"उचला ती."

"आरतीत?"

"उचला म्हणते ना! मागं न्या, स्वयंपाकघरात."

मार्तंडराव कद सावरत, एका हातात निरांजन आणि एका हातात किल्ली घेऊन मागे गेले. थोड्या वेळाने आरसे मिटले.

"आता परत देवापाशी आणा."

आरसे उघडले.

"परत न्या."

"अगं, मी काय चपराशी आहे?"

"न्या!"

चौथ्या खेपेला त्यांना स्वतःलाच खिडकीतून आरसे दिसले, आणि ते हातातलं निरांजन विझलेलं न बघता तिथेच उभे राहिले.

"समजलं?" लतिकाबाई म्हणाल्या. टॉवेल अजून हातातच होता, त्याची त्यांनी नकळत दोरी वळली होती. "किल्ली जवळ असली की ही जागी होती. मालक आले म्हणून बघाय लागती. रात्रभर भिंतीपलीकडं किल्ली. कुणी रिसिव्हर बाजूला काढून झोपावं तसं झालंय हे. रात्रभर ही आपली हॅलो हॅलो करतीया, आणि पलीकडनं कोण बोलत न्हाय. आठवडाभर उभी राहिली की मरंल न्हाय तर काय हुईल!"

मार्तंडरावांनी बराच विचार केला. "म्हणजे देवामुळं ब्याटरी उतरली, असं तुझं म्हणणं?"

"देवाचं नाव मी घेतलं न्हाय. ठेवतंय कोण?"

"तो घराचा रिवाज आहे."

"व्हय. रिवाज तुमचा आणि विसरभोळी मी!"

त्यांचा आवाज इतका चढला की समोरच्या घराची खिडकी उघडली. लतिकाबाईंनी ती उघडी राहू दिली. "इतके महिने मला चिठ्ठ्या चिकटवायला सांगितलासा, फोटो खोटे म्हणालासा, डाक्टरपुढं बसवून आंबा-खुर्ची म्हणायला लावलासा! घरात माणसं दोन. एकदा तरी म्हणालासा का, की लते, माझंबी काय चुकत असंल?"

मार्तंडरावांनी निरांजन पुन्हा पेटवलं, कारण तेवढं तरी करण्यासारखं होतं.

वर्कशॉप बंद व्हायच्या आत लतिकाबाईंनी सौरवला फोन लावला.

"हां मॅडम," सौरव सहज म्हणाला, "किल्ली गाडीजवळ ठेवायची नसते री. बॅटरी उतरते. दोन-तीन मीटर लांब पाहिजे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्या कस्टमरना सांगतो आम्ही. डिलिव्हरीच्या वेळी."

डिलिव्हरीच्या वेळी केक होता. पाकळ्या उधळायचं यंत्र होतं, ढोलकीचं संगीत होतं, आणि पुठ्ठ्याची बैलगाडीएवढी किल्ली हातात देऊन फोटो काढले होते. त्या किल्लीबद्दल काही सूचना असत्या तर लतिकाबाईंच्या नक्की लक्षात राहिल्या असत्या.

"मग मला इतके दिवस दिवा दिवा का करत होता?"

"मॅडम, तुम्ही पण सांगितलं नाही, की भिंतीपलीकडं देव आहे म्हणून."

"तुम्ही विचारलं?"

"सिस्टीममध्ये तसा प्रश्न नाही री," तो म्हणाला, आणि खरंच वाईट वाटल्यासारखा म्हणाला.

रविवारी सकाळी आशिष आला. त्याला अंगणात उभं करून लतिकाबाईंनी सगळा खेळ करून दाखवला. किल्ली देवापाशी न्यायचं काम मार्तंडरावांनी न सांगता केलं.

"इंटरेस्टिंग आहे," आशिष म्हणाला. त्याने मोबाईलवर व्हिडिओसुद्धा काढला. "पण आई, मुद्दा फक्त बॅटरीचा नाही ना."

"मग कशाचा?"

"वयाचा. आज नाही तर उद्या..."

"उद्याचं उद्या बघू. उद्या मी विसरले तर किल्ली आपल्या हातानं देईन तुला. आज मी काय विसरलेली न्हाय. पोळ्या गरम हाईत, जेव. गाडी जागची हलणार न्हाय."

तो जेवला. पुरणपोळीला नाव ठेवायला जागा नव्हती. दुपारच्या बसने तो परत गेला. जाताना पाया पडला, तब्येतीला जप म्हणाला. माफी त्याने मागितली नाही. मार्तंडरावांनी नाही, सौरवने नाही, चिठ्ठी चिकटवायला सांगणाऱ्या त्या मायाळू माणसाला तर पत्ताच नव्हता. संशय घेताना प्रत्येक जण एकटा पुरेसा होता. चूक निघाली तेव्हा मात्र ती सगळ्यांची मिळून निघाली, म्हणजे कुणाचीच नाही.

मार्तंडरावांनी खंडोबाशी तडजोड घडवून आणली. त्या जाड किल्लीच्या पोटातून एक बारीक लोखंडी किल्ली निघते, तेवढी त्यांनी देवापाशी ठेवली. जाड किल्ली स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी. दोन्ही पक्ष समाधानी असल्याचं त्यांनी जाहीर केलं.

गुरुवारी सकाळी लतिकाबाई बाहेर आल्या तेव्हा खिडकीत पेपर होता. बटण दाबलं. समोरचे सगळे आकडे एकदम उजळले. त्यांनी खिडकीकडे पाहिलं नाही. पण फाटकातून गाडी बाहेर काढून वळवेपर्यंत पेपराचं पान काही उलटलं गेलं नाही.

सदलग्याला पूर्णिमाने आक्काला तयार ठेवलं होतं. केस विंचरलेले, नवी जांभळी साडी. आक्का आढेवेढे न घेता पुढच्या सीटवर बसली. लतिकाबाईंनी तिचा पट्टा लावला, पदर अडकू नये म्हणून सारखा केला. गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना ऊस, वर निवळ आभाळ.

"आवाज न्हाय व्हय ह्या गाडीला?" आक्काने विचारलं.

"न्हाय."

"मग चालतीया कशी?"

"चालती हळूहळू."

आक्काने मान डोलवली. बराच वेळ ती लतिकाबाईंच्या स्टेअरिंगवर फिरणाऱ्या हातांकडे बघत राहिली.

"बाई, लई झाक चालवताय तुमी."

"व्हय?"

"व्हय तर. आमच्या लतीला शिकवा की. धाकटी भन माझी." आक्का जरा पुढे झुकली, आतली गोष्ट सांगावी तसा आवाज तिने खाली आणला. "तिचं डोकं लई तल्लख हाय बगा. येकदा सांगितलं की झालं. इसरणं म्हंतात ते तिला ठावंच न्हाय."

लतिकाबाईंनी पुढून येणाऱ्या ट्रॅक्टरला वाट दिली.

"शिकवते की," त्या म्हणाल्या. "कुठं असती ती?"

"हिथंच असंल की कुठंतरी. येती ती माज्याकडं." आक्का काचेला टेकली. "दिसली की सांगती तुमास्नी. थांबवा हां गाडी."

"थांबवते."

फाट्यावर बसची वाट बघत बायका उभ्या होत्या. आक्का एकेकीचं तोंड नीट निरखून बघू लागली. लतिकाबाईंनी वेग कमी केला, म्हणजे तिला सगळ्या नीट बघता येतील.